भंगारात यायचंय? आधी गॅस कटर बंद करा

मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला आणि पहिला जॉब लागला तो भंगाराच्या यार्डात. जळगाव एमआयडीसीत, चटईच्या कंपन्यांच्या मागच्या बाजूला. आई नातेवाइकांना सांगायची ‘मशिनरीच्या लाइनमधे आहे’, आणि खरं सांगू तर ते काही खोटं नव्हतं. आता आठ वर्षं झाली, फैजपूर-धुळ्याकडची पोरं अधूनमधून विचारतात या लाइनमधे काय आहे म्हणून, तर एकदाच लिहून टाकतो.

पहिल्याच महिन्यात बंद पडलेल्या डाळ मिलचा लॉट आला. एलिव्हेटर, चाळण्या, मोटरी आणि एक मोठा गिअरबॉक्स. शेठ बाहेरगावी होते, मी हुशारी दाखवून गॅसवाल्याला कामाला लावलं, गिअरबॉक्सची बॉडी बीडाची (म्हणजे ओतीव लोखंडाची) आणि बीड गॅसने नीट कापलं जात नाही म्हणून ती दोन हमालांकडून घणाने फोडून घेतली, संध्याकाळी बीड वेगळं लोखंड वेगळं असा मस्त ढीग. शेठ आले, ढीग बघितला, काहीच बोलले नाहीत, फक्त नेमप्लेटचा तुकडा उचलून खिशात टाकला. मग दोन दिवसांनी कळलं की तसलाच गिअरबॉक्स एक ऑइल मिलवाला महिनाभर शोधत होता. किलोवर जेवढे आले त्याच्या सहापट द्यायला तयार होता तो.

तेव्हापासून माल उतरला की आधी नेमप्लेट. चिंधी आणि थोडं डिझेल घ्यायचं, पुसायची, फोटो काढायचा. मोटर असेल तर एचपी, आरपीएम, फ्रेम साइज. १४४० च्या आसपास आरपीएम म्हणजे चार पोल, ही सगळ्यात जास्त खपते. मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून वाइंडिंग बघायचं, अर्थिंगला गेली असेल, म्हणजे वाइंडिंग बॉडीला लागलं असेल, तरच तांब्याच्या भावाचा विचार. बेअरिंगचा नंबर वाचायला शिका, शेवटचे दोन आकडे गुणिले पाच म्हणजे आतला बोअर (भोकाचा व्यास), ६३०८ म्हणजे ४० एमएम (०४ पासून पुढेच हा हिशोब चालतो). कॉलेजात हे शिकवलं असेलही, मी बहुतेक त्या दिवशी कॅन्टीनला होतो.

धातू ओळखायला मला शिकवलं ते सॉर्टिंगला बसणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांनी. मी पिवळा दिसला की पितळेच्या ढिगात टाकायचो. ते व्हॉल्व्हच्या बॉडीवर कानस मारून दाखवायचे, आत लालसर निघालं की म्हणायचे, ‘हाई पितळ नही शे पोऱ्या, गनमेटल शे.’ गनमेटल म्हणजे मुख्यतः तांबं आणि कथील, दोघांच्या भावात बऱ्यापैकी फरक पडतो.

सगळ्यात जास्त पोरं फसतात ती स्टीलमधे. लोहचुंबक चिकटलं नाही म्हणजे ३०४ (स्टेनलेस स्टीलचा चांगला ग्रेड), असं समजून मी एका हॉटेलच्या किचनचा सगळा लॉट घेतला, काउंटर, टेबलं, सिंक. निघालं २०२, म्हणजे स्वस्तातला ग्रेड. ते पण चुंबकाला चिकटत नाही, त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त असतं, आणि स्टीलचा भाव निकेलवर ठरतो. उलट ३०४ वाकवलेल्या जागी थोडं चिकटू शकतं, म्हणजे चुंबक दोन्हीकडून फसवतं. थेंबाचं टेस्टिंग किट मिळतं, बॅटरी लावून थेंब लाल झाला तर २०० सिरीज. ते खिशात ठेवा, मी त्या लॉटच्या तोट्यात अशी पन्नास किट घेतली असती.

लिलावाचं थोडक्यात. रेल्वेचं स्क्रॅप आयआरईपीएस या रेल्वेच्या वेबसाइटवर निघतं, बाकी बऱ्याच सरकारी कंपन्यांचं एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ऑनलाइन लिलावात. अट एकच, माल ‘जसा आहे जिथे आहे’. म्हणून लॉट डोळ्याने बघितल्याशिवाय बोली लावायची नाही. आम्ही एकदा फोटोवर कॉम्प्रेसर घेतला, तो काँक्रीटच्या फाउंडेशनमधे पक्का बसवलेला, ब्रेकर आणि क्रेनच्या भाड्यातच नफा गेला, वर मुदतीत उचलला नाही म्हणून ग्राउंड रेंट, म्हणजे जागेचं भाडं. मे महिन्यात गाव ४५ डिग्रीवर असताना माणसं पहाटे पाचला लावून अकराला थांबवावी लागतात, मुदत मोजताना हे धरा. वजनाला गाडी आधी रिकामी काट्यावर न्यायची, तेही स्वतः सोबत बसून. कागदात जीएसटी १८ टक्के, आणि १० ऑक्टोबर २०२४ पासून रजिस्टर्ड माणसाकडून अडीच लाखांवर मेटल स्क्रॅप घेतलं तर २ टक्के टीडीएस कापायचा, सीएला विचारून घ्या.

बंद ड्रमला गॅस लावायचा नाही. कितीही रिकामा दिसू दे, आतल्या वाफेने फुटतो. केबल जाळून तांबं काढायचं नाही, प्रदूषण तर आहेच आणि तांबं काळं पडून भाव पण उतरतो. जुनं ऑइल आणि बॅटऱ्या फक्त परवानावाल्याला.

आता उलटी बाजू. गिअरबॉक्सचा धडा मी एवढा मनावर घेतला की पुढची दोन वर्षं काहीच तोडू देईना. ‘गिऱ्हाईक येईल’ म्हणत चार जिनिंगची मशिनं शेडमधे पडून, जागेचं भाडं चालू, पैसा अडकलेला, पावसाळ्यात गंज वेगळाच. शेवटी शेठनेच नियम लावला, विकायच्या मालावर खडूने तारीख टाकायची, सहा महिने फोन करायचे, नाही गेलं तर मोटर, बेअरिंग, पुली काढून बाकीचं वितळवायला जालन्याच्या भट्टीला. त्या चारातली तीन अशीच गेली. चौथ्यावर या महिन्यात खडू मारलाय, यवतमाळच्या एका पार्टीला फोटो पाठवलेत, उत्तर यायचंय.