क्लबचा इतिहास लिहायला घेताय? आधी रिकामी वर्षं शोधा

आयर्लंडच्या मेयो काउंटीतल्या आमच्या पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या, गेलिक फुटबॉल (हात-पाय दोन्ही वापरून खेळायचा इथला खेळ) क्लबचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मुलगी तिथल्या अंडर-१२ मध्ये खेळते आणि मी बाहेरची, म्हणजे कुठल्याच घराण्याची बाजू घेणार नाही, एवढीच माझी पात्रता. दोन वर्षं लागली. आयर्लंडमध्ये कुणी असं काम अंगावर घेतलं असेल तर माझ्या चुका तरी टाळा.

१८८४ पासून सुरुवात करू नका. या खेळांची संघटना (जीएए) जिथे स्थापन झाली ती थर्ल्स गावच्या हेज हॉटेलातली १ नोव्हेंबरची बैठक, तिचे संस्थापक मायकल क्युसॅक, मॉरिस डेव्हिन यांच्यावर मी आठ पानं लिहिली होती. सेक्रेटरीने वाचली आणि विचारलं, "यात आपण कुठे आहोत?" आठही पानं गेली.

पहिल्यांदा वयस्कर माणसांकडे जा, आणि प्रश्न घेऊन नको, संघाचा जुना फोटो घेऊन जा. "१९५८ साली काय झालं?" असं विचारलं की "काही आठवत नाही" एवढंच ऐकू येतं. टेबलावर फोटो ठेवा, चहा होईतो तिघांची लग्नं आणि एकाची जमिनीची भांडणं कळतात. फोटोची झेरॉक्स काढून प्रत्येक चेहऱ्यावर पेन्सिलीने नाव लिहा. आडनावं सारखीच असतात, नावंही. म्हणून इथली माणसं मुलाच्या नावापुढे बापाचं नाव जोडतात, ते जसं बोलतात तसंच टिपून घ्या. मी ते केलं नाही आणि एकाचा कप त्याच्या चुलतभावाच्या नावावर घातला. त्याच्या मुलीने मला चर्चच्या दारातच गाठलं.

फोटोवर साल नसेल तर डोकी मोजा. सुरुवातीला संघात २१ जण असत, १८९२ पासून १७, आणि १९१३ पासून १५. राखीव खेळाडू आणि मध्ये बसलेले फादर वजा करायला विसरू नका.

स्कोअर वाचताना जास्त सांभाळा. २-७ म्हणजे दोन गोल (बॉल आडव्या दांडीखालून), सात पॉइंट (दांडीवरून). आज गोलचे तीन धरून १३. पण १८९२ पूर्वी एक गोल कितीही पॉइंटना भारी पडे, मग काही वर्षं गोलचे पाच होते, तीन झाले ते १८९६ च्या सुमारास. १८९४ च्या ऑल-आयर्लंड फायनलचा फेरसामना घ्या: कॉर्क १-२, डब्लिन ०-५. आजच्या हिशोबाने बरोबरी, तेव्हाच्या हिशोबाने कॉर्क सात-पाच पुढे. आणि विजेतेपद मिळालं डब्लिनला, कारण प्रेक्षक मैदानात घुसल्यावर खेळ थांबला आणि कॉर्कने पुन्हा खेळायला नकार दिला. तुमच्या क्लबचेही कितीतरी सामने असेच मैदानाबाहेर, समितीच्या टेबलावर मिटलेले सापडतील. स्कोअर मिळाला की लगेच "जिंकलो" लिहू नका, पुढच्या दोन-तीन आठवड्यांचे अंकही चाळा.

आमच्याकडे वेस्टर्न पीपल, मेयो न्यूज आणि कनॉट टेलिग्राफ ही वर्तमानपत्रं कामी आली. बातमी बहुधा गावातलाच कुणीतरी पाठवायचा, त्यामुळे आपला संघ हरला की पंच आंधळा असायचा. म्हणून तोच सामना प्रतिस्पर्ध्यांच्या गावच्या वर्तमानपत्रातही वाचा. नावांवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका. १९७१ पर्यंत जीएएच्या सदस्यांना सॉकर, रग्बी अशा 'परक्या' खेळांची बंदी होती. खेळताना नाही, नुसतं बघताना सापडलात तरी निलंबन. साहजिकच काही जण खोट्या नावाने खेळले. हा प्रश्न अगदी शेवटी विचारा, आणि घरातले बाकीचे उठून गेल्यावर. वय आणि घर ताडून बघायला १९०१ आणि १९११ ची जनगणना ऑनलाइन फुकट आहे.

आता रिकाम्या वर्षांचं. वहीत १८८५ पासून आजपर्यंत एकेक ओळ एकेका वर्षाला द्या. निम्म्या ओळी कोऱ्या राहतील आणि तुम्हाला त्यांच्यावरून उडी मारावीशी वाटेल. मलाही वाटली. पण १८९० नंतरची कोरी वर्षं म्हणजे राष्ट्रवादी नेते पार्नेल यांच्यावरून पडलेली फूट. देशभर क्लब मोडले तसा आमचाही. पन्नाशीच्या दशकातली कोरी वर्षं म्हणजे इंग्लंडला जाणारी बोट. १९५५ च्या इतिवृत्तात सामना एकही नाही, नुसती गेलेल्यांची नावं आहेत. पंधरा पोरं उरली नाहीत म्हणून पुढच्या वर्षी शेजारच्या पॅरिशबरोबर एक संघ केला, ज्यांच्याशी तोवर बोलणंसुद्धा नव्हतं. माझ्या मते पुस्तकातलं सगळ्यात चांगलं प्रकरण तेच झालं, आणि त्यात एकही कप नाही.

बायका इतिवृत्तात सापडतात त्या फक्त चहाच्या आभारात. लेडीज गेलिक फुटबॉलची संघटना १९७४ ची, तिच्या आधीचं विचारायचं तर जर्सी कोण धुवायचं इथून सुरुवात करा.

छापायला देण्याआधी नावांची यादी क्लबहाउसच्या भिंतीवर महिनाभर लावा, शेजारी दोरीला पेन्सिल बांधून. आमच्या यादीवर एकेचाळीस दुरुस्त्या आल्या. त्यातल्या सहा एकमेकींच्या विरुद्ध होत्या, आणि दोन जणांनी पेन्सिल न वापरता पेन वापरलं होतं.