जस्टिनचा खटला आणि इंग्रजीचा निबंध

हायस्कूलच्या इंग्रजीला ‘फ्रँकन्स्टाइन’ असेल, तर वाचायला बसण्याआधी हातातली प्रत कोणत्या आवृत्तीची आहे ते बघून घ्या. मेरी शेलीची ही कादंबरी १८१८ साली लेखिकेच्या नावाशिवाय तीन खंडांत निघाली आणि १८३१ साली तिने स्वतः बरेच फेरफार करून ती पुन्हा छापली. जुन्या आवृत्तीत प्रत्येक खंडात प्रकरणांचे आकडे पहिल्यापासून सुरू होतात, नव्या आवृत्तीत सलग २४ प्रकरणं आहेत. त्यामुळे ‘आठवं प्रकरण काढा’ म्हटलं की वर्गात वेगवेगळी पानं उघडतात. फरक फक्त आकड्यांचाही नाही. १८१८च्या आवृत्तीत एलिझाबेथ ही कादंबरीचा नायक व्हिक्टर याची आतेबहीण आहे, १८३१च्या आवृत्तीत ती घरात आणून वाढवलेली अनाथ मुलगी आहे. निबंधात तिच्याविषयी काही विधान करणार असाल, तर हे आधी ठाऊक हवं. मी पुढे प्रकरणांचे आकडे देते आहे ते १८३१च्या आवृत्तीचे.

कादंबरी सुरू होते ती उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या रॉबर्ट वॉल्टनने आपल्या बहिणीला लिहिलेल्या चार पत्रांनी. पुष्कळ मुलं इथेच कंटाळतात, कारण सगळ्यांना त्या राक्षसाची घाई असते. (त्याला कादंबरीभर नाव नाही. फ्रँकन्स्टाइन हे त्याला घडवणाऱ्या व्हिक्टरचं आडनाव.) पत्रं गाळू नका. लिहिणारा वॉल्टन आहे, त्याला सांगणारा व्हिक्टर आहे, आणि ११ ते १६ या प्रकरणांत व्हिक्टरच्या सांगण्यातून तो जीव आपली कहाणी सांगतो. अगदी शेवटचा प्रसंग सोडला, तर त्याचा शब्द थेट आपल्यापर्यंत येतच नाही. त्यात भर म्हणजे, आपण घेतलेली टिपणं व्हिक्टरने मागून घेतली, अनेक जागी दुरुस्त केली आणि वाढवली, असं वॉल्टन शेवटाकडे लिहितो. ते वाक्य वाचल्यावर मी अख्खी कादंबरी पुन्हा उघडली. ज्याच्यावर आरोप आहे त्यानेच साक्षीचा कागद तपासून दिला आहे! वादाच्या निबंधासाठी यापेक्षा चांगलं पुस्तक शोधून सापडणार नाही.

पहिलं वाचन गोष्टीसाठीच करा. भाषा जुनी आहे, वाक्यं लांबलचक आहेत, प्रत्येक अडलेल्या शब्दाशी थांबलात तर धागा सुटतो. दुसरं वाचन मात्र एक प्रश्न हाताशी घेऊन करायचं आणि त्याच प्रश्नाशी संबंध असलेल्या जागांवरच खुणा करायच्या. पानभर रंगवलेली प्रत दिसायला अभ्यासू दिसते, पण निबंधाच्या वेळी तिच्यात काहीच सापडत नाही.

पुरावा म्हणजे काय आणि युक्तिवाद म्हणजे काय, हे मला कळलं ते आठव्या प्रकरणातल्या जस्टिनच्या खटल्यातून. व्हिक्टरचा धाकटा भाऊ विल्यम मारला गेला आहे आणि घरात कामाला असलेली जस्टिन आरोपी आहे. तिच्याविरुद्ध काय आहे ते बघा. ती रात्रभर बाहेर होती, हे खरं. मृतदेह जिथे सापडला त्याच्या जवळपास तिला एका बाजारातल्या बाईने पाहिलं, हेही खरं. मुलाच्या गळ्यातलं आईचं छोटं चित्र तिच्या कपड्यांत सापडलं, तेही खरं. सगळ्या वस्तुस्थिती खऱ्या आणि मृत्युदंडाचा निकाल साफ चुकीचा. कारण ‘ज्याच्याकडे वस्तू सापडली तोच मारेकरी’ हा मधला दुवा कोणी तपासलाच नाही. ते चित्र तिच्या कपड्यांत दुसऱ्याच कोणीतरी सरकवलेलं असतं, आणि ते आपल्याला कळतं सोळाव्या प्रकरणात. एलिझाबेथ तिच्या चांगुलपणाची साक्ष देते, तर लोक उलट आणखी चिडतात: एवढी माया केली त्यांच्याशीच ही अशी कृतघ्न झाली!

ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूल्मिन यांनी १९५८ साली युक्तिवादाची जी मांडणी केली, ती बऱ्याच वर्गांत शिकवतात: दावा, त्याला आधार असलेली माहिती, आणि माहितीवरून दाव्यापर्यंत नेणारा दुवा. फळ्यावर हे तीन शब्द कोरडे वाटतात. जस्टिनच्या खटल्याला लावून बघा, लगेच जिवंत होतात. आपल्या निबंधातही अवतरण बरोबर असतं, दावाही पटण्यासारखा असतो, आणि मधली दोन वाक्यं लिहायची राहून जातात. त्या दोन वाक्यांवरच निबंध उभा राहतो. म्हणून अवतरण छोटं घ्या, पाच-सात शब्दांचं चालेल, आणि ते तुमच्या दाव्याला कसं धरून आहे हे त्याच्यापुढे स्वतःच्या शब्दांत नीट उलगडा.

आता दावा. ‘या कादंबरीत जबाबदारीचा विचार आहे’ हा विषय झाला, दावा नव्हे, कारण याला कोणी नाही म्हणणार नाही. ‘सगळा दोष व्हिक्टरचा’ हा दावा आहे, पण ढोबळ. मी जो घेतला तो असा: व्हिक्टरचा अपराध जीव निर्माण करण्यात नाही, त्या जिवाने डोळे उघडताच त्याला टाकून पळण्यात आहे. याला विरोध करता येतो, आणि पाचव्या प्रकरणात बोट ठेवायला नेमकी जागाही मिळते. तो जीव हात पुढे करतो आणि व्हिक्टर दुसऱ्यांदा पळतो. दहाव्या प्रकरणात हिमनदीवर गाठ पडते तेव्हा तो स्वतःच आपली बाजू मांडतो: मी तुझा आदम व्हायला हवा होतो, मी चांगला होतो, दुःखाने मला दुष्ट केलं. ही विनवणी जरूर मोठ्याने वाचा. तो प्रश्न कुठे विचारतो, दया कुठे मागतो, धमकी कुठे देतो, हे कानाला चटकन कळतं.

विरुद्ध बाजू लिहायची वेळ येते तेव्हा बहुतेक जण एक लेचापेचा आक्षेप शोधतात आणि ओळीभरात तो उडवून लावतात. आमच्या बाईंनी यावर फार आग्रह धरला, आणि त्यांचं बरोबरच होतं. तुमच्या दाव्याला खरोखर हादरवेल असाच आक्षेप घ्या. माझ्या दाव्याविरुद्ध असा होता: हा जीव अडाणी नाही. तो दे लेसी नावाच्या एका कुटुंबाकडे लपून बघत भाषा शिकला, मिल्टन, प्लूटार्क आणि गटेच्या ‘वेर्थर’ या कादंबरीपर्यंत सगळं वाचून बसला, बरं-वाईट त्याला कळतं. विल्यमचा गळा त्याने रागाच्या भरात आवळला असं एक वेळ म्हणता येईल. झोपलेल्या जस्टिनच्या कपड्यांत चित्र सरकवणं मात्र थंड डोक्याचं काम आहे. हे मान्य केल्यावर दावा होता तसा ठेवणं अप्रामाणिक ठरलं असतं. तेव्हा त्यात भर पडली: जस्टिनच्या मृत्यूपुरती जबाबदारी दोघांची, कारण एकाने पुरावा पेरला आणि दुसरा, खरा मारेकरी कोण याची मनोमन खात्री असून, लोक वेडा म्हणतील या भीतीने गप्प राहिला. निबंध तिथे अधिक खरा झाला, आणि अर्थातच अधिक चांगलाही.

कथानक सांगत बसण्याची सवय मोडायला एक सोपी कसोटी आहे. परिच्छेदातली वाक्यं एकेक करून बघा. ज्याने पुस्तक उघडलंच नाही, फक्त गोष्ट ऐकली आहे, त्यालाही जे वाक्य लिहिता येईल ते बहुधा काढून टाकण्यासारखंच असतं. प्रस्तावना शेवटी लिहा. दावा पक्का होण्याआधी लिहिलेली प्रस्तावना नंतर बदलावीच लागते.

आणि विषयच ठरत नसेल, तर चोविसाव्या प्रकरणातला मरणासन्न व्हिक्टर पुन्हा वाचा. मागच्या वागण्याचा हिशेब करून तो म्हणतो की आपल्याला त्यात दोष दिसत नाही. त्या जिवाचं आपण देणं लागत होतो हे तो कबूल करतो, पण मानवजातीचं देणं मोठं होतं, म्हणून त्याच्यासाठी जोडीदारीण घडवायला नकार दिला, असं त्याचं म्हणणं. त्याच प्रकरणात त्याने वॉल्टनला आधीच बजावलेलं असतं, तो जीव बोलण्यात पटाईत आहे, त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस. व्हिक्टरच्या या दोन बोलण्यांपैकी कोणतंही एक उचला, ते पटतं की नाही हे एका वाक्यात लिहा, आणि मग त्या वाक्याविरुद्ध कादंबरीत काय काय सापडतं ते शोधायला लागा.