फ्रॅटर्निटीत प्लेज होण्याआधी

फ्रॅटर्निटी म्हणजे अमेरिकन कॉलेजांतली मुलांची संघटना. नवे सभासद निवडायचा त्यांचा हंगाम, म्हणजे रश, संपला की अमेरिकेत शिकायला आलेली आपली पोरं मला हमखास विचारतात, "काका, बिड आलीय, घेऊ का?"

बिड म्हणजे सामील व्हायचं आमंत्रण. घे की. पण आधी विद्यापीठाच्या साइटवर हेझिंगचा (नव्या सभासदांच्या छळाचा, आपल्या रॅगिंगसारखा) अहवाल उघड. डिसेंबर २०२४ च्या केंद्रीय कायद्यानुसार दोषी ठरलेल्या संघटनांची नावं जाहीर करणं कॉलेजांना बंधनकारक आहे. तुझा चॅप्टर (फ्रॅटर्निटीची तुझ्या कॉलेजातली शाखा) त्यात दिसला तर विषय संपला.

मग ब्रदर्सना (जुन्या सभासदांना) सरळ विचार, प्लेजकडून (उमेदवारीतल्या नव्या सभासदाकडून) नेमकं काय करून घेता? शपथ, गुप्त विधी ठीक आहेत, हौस असते एकेकाला. पण "फोन जमा कर", "बाटली संपेपर्यंत उठायचं नाही" असं सुरू झालं की तिथून निघायचं. "तो स्वतःहून प्यायला" हा बचाव तर मला निव्वळ लबाडी वाटते. सगळे घेरून ओरडत असताना दिलेल्या होकाराला काय अर्थ? टेक्साससकट अनेक राज्यांत कायदाही तो बचाव मानत नाही.

कुणी पिऊन बेशुद्ध पडला तर "झोपू दे त्याला" अजिबात नाही. ९११ (आपत्कालीन मदतीचा नंबर) लाव, कुशीवर वळव, एकटं सोडू नकोस. २०१७ मध्ये पेन स्टेट विद्यापीठात टिमोथी पियाझा हा प्लेज दारू पाजल्यावर जिन्यावरून पडला. मदत बोलवायला जवळजवळ १२ तास गेले. तो वाचला नाही.

आपण अडकू म्हणून फोन टाळतात पोरं. फ्लोरिडासारख्या राज्यांत सगळ्यात आधी फोन करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. तुझ्या राज्याचा नियम आजच वाचून ठेव.