हैदराबादहून जुनी गाडी आणून तिला एमएच पासिंग कसं करून घ्यायचं

देगलूर, बिलोली, धर्माबाद, उदगीर या आपल्या पट्ट्यात जुनी गाडी घ्यायची म्हणलं की पहिलं नाव निघतं हैदराबादचं, नाहीतर बिदरचं. देगलूरहून मदनूर आलं की तेलंगणा लागलाच, तिकडं गाड्या भरपूर, आणि फोनवर सांगितलेला भाव नांदेड-लातूरपेक्षा कमीच वाटतो. मी अशी एक गाडी स्वतःसाठी आणली, चुलतभावाला एक आणून दिली आणि गावातल्या दोघातिघांच्या कागदाच्या मागं फिरलो, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहायलोय. इंजिन कसंय ते फिटर सांगतो, आपला माणूस फसतो तो कागदात, आणि त्यातही एका कागदात, एनओसीत, म्हणजे गाडी दुसरीकडं न्यायला तिकडच्या आरटीओनं दिलेल्या ना-हरकत पत्रात. ती हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत, एवढं डोक्यात पक्कं ठेवा आणि मग पुढचं वाचा.

आधी घरी बसून हिशोब

डीलर सांगतो तो नुसता गाडीचा भाव. गाडी आपल्याकडं कायमची आणायची तर महाराष्ट्राचा रोड टॅक्स परत भरावा लागतो, तिकडं मालकानं लाईफ टॅक्स भरलेला असला तरीही. आपल्याकडं नवीन खाजगी कारचा टॅक्स पेट्रोलला 10 लाखापर्यंत 11 टक्के, 10 ते 20 लाखाला 12, त्याच्या वर 13, आणि डिझेलला हेच 13, 14, 15 टक्के. जुन्या गाडीला वयाप्रमाणं तो कमी होत जातो, पण मोजतात तो गाडीच्या मूळ इन्व्हॉईसच्या किमतीवर, तुम्ही किती रुपयाला घेतली त्याच्यावर नाही. लोक इथंच चुकतात, साडेतीन लाखाला घेतली तर साडेतीन लाखाचा टॅक्स असं धरून चालतात. गाडी नवीन असताना 8 लाखाची होती तर सुरुवात 88 हजारापासून होते आणि वयाची सूट त्याच्यातून वजा होते. डिझेल असली तर तेच 1 लाख 4 हजारापासून. म्हणून गाडी पसंत पडली की आधी आरसीचा (गाडीच्या रजिस्ट्रेशनच्या कागदाचा) फोटो आणि इन्व्हॉईसची झेरॉक्स मागवा, आपल्या आरटीओत नाहीतर ओळखीच्या एजंटाला दाखवा आणि या गाडीला टॅक्स किती बसंल ते विचारून घ्या. मग टॅक्स, आरटीओची फी, नवीन नंबरप्लेट, विमा, दोन-तीन चकरांचं डिझेल हे सगळं भावात मिळवा. फरक तीस-चाळीस हजाराचाच राहायला असंल तर माझं स्पष्ट मत, गाडी आपल्याच जिल्ह्यात बघा, एवढ्याशा पैशासाठी महिना-दोन महिने फिरू नका. फरक लाखाच्या आसपास असंल तरच हैदराबादची गाडी परवडते.

जायच्या आधी नंबर तपासा

आरसीच्या दोन्ही बाजूचे फोटो मागवा. मालकाचं नाव, कितवा मालक, बँकेचा बोजा आहे का, चेसिस नंबर, पासिंगची तारीख बघा. तारीख महत्त्वाची कारण खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन 15 वर्षाचं असतं, तेरा-चौदा वर्षाची गाडी आणली तर आणल्या आणल्या फिटनेस आणि ग्रीन टॅक्सच्या (जुन्या गाडीवरच्या जादा टॅक्सच्या) दारात उभं राहावं लागतं.

तेलंगणाच्या गाडीचं एक वेगळं आहे. त्या राज्याची नोंदणी बरीच वर्षं केंद्राच्या वाहन सिस्टिमवर नव्हती, त्यांचं स्वतःचं वेगळं खातं चालायचं. त्यामुळं केंद्राच्या एमपरिवहन ॲपमध्ये नंबर टाकला आणि काहीच आलं नाही म्हणून लगेच गाडी चोरीची समजू नका, तेलंगणा परिवहनच्या साईटवर बघा. दंडाचं पण तसंच, परिवहनच्या ई-चलनवर शून्य दिसतं आणि तेलंगणा पोलिसांच्या ई-चलन साईटवर हेल्मेट, सिग्नल, स्पीडची रांग लागलेली असते. दोन्हीकडं बघा आणि दंड विकणाऱ्याला भरायला लावा, बाकी ठेवला तर एनओसी तिथंच अडकती. नंबर एपी 09 किंवा एपी 28 असा दिसला तर घाबरू नका, तेलंगणा 2 जून 2014 ला वेगळं झालं, त्याच्या आधीच्या हैदराबादच्या गाड्या एपीच्याच आहेत, नंतर टीएस आलं आणि मार्च 2024 पासून टीजी.

गाडी बघताना

आपला फिटर सोबत न्या, त्याची रोजी आणि जेवण द्या, ते पैसे वाया जात नाहीत. ठोकलेली आहे का, मीटर मागं घेतलंय का हे तो बघंलच. तुम्ही स्वतः पाण्यात बुडालेली गाडी ओळखायला शिका, कायकी ऑक्टोबर 2020 मध्ये हैदराबादेत पाऊस असा झाला की कॉलनीच्या कॉलनी पाण्यात गेल्या आणि शेकडो गाड्या बुडाल्या, त्या धुऊनपुसून बाजारात येतातच. सीटचा बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. वरचा वापरातला भाग धुतलेला असतो, आतला गुंडाळलेला तुकडा कोणी धूत नाही, तिथं मातकट पट्टा दिसला की समजून जा. मी एका पांढऱ्या गाडीचा बेल्ट असा ओढला तर शेवटच्या हातभर भागावर वाळलेल्या गाळाची रेघ होती, बोट फिरवलं की पिठासारखी माती हाताला लागायली. गाडी बाहेरून आरशासारखी चमकत होती आणि आत अत्तराचा वास मारलेला. डीलर म्हणला, "साब, टेन्शन नक्को, वो तो धूल है." आम्ही चहा घेतला आणि निघालो. सीटखालचे लोखंडी रूळ, डिकीतल्या स्टेपनीची खोबण आणि फ्यूज बॉक्सचे कोपरे पण असेच बघा.

चेसिस नंबर स्वतःच्या डोळ्यानं आरसीशी एकेक अक्षर जुळवा. नंबरच्या आजूबाजूला घासल्याच्या, वेल्डिंगच्या खुणा असतील तर भाव कितीही पाडून दिला तरी घेऊ नका, आपल्याकडं आरटीओत चेसिसचा ठसा घेतात, तिथं ती गाडी थांबणारच.

टोकन, सह्या आणि पैसे

ज्याचं नाव आरसीवर त्याच्याशीच बोला. डीलर मधी असला तर तो आरटीओचा अधिकृत आहे का विचारा, 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला तसं प्रमाणपत्र घ्यावं लागतं आणि मालकानं गाडी त्याच्या ताब्यात दिल्याचं आरटीओला कळवावं लागतं. पहिल्या मालकानं नाव बदलायच्या कोऱ्या फॉर्म 29-30 वर सह्या करून सोडलेल्या आणि गाडी तीन हातातून फिरून आलेली, असल्या व्यवहारात पडू नका, सही जुळली नाही तर मालक शोधायला परत हैदराबाद. मालक टाळाटाळ करायला तर त्याला त्याच्याच फायद्याचं सांगा. 2018 मध्ये सुप्रीम कोर्टानं निकाल दिलाय की रेकॉर्डवर ज्याचं नाव तोच मालक, उद्या अपघात झाला तर भरपाई त्याच्या गळ्यात येती. हे ऐकलं की बहुतेक जण स्वतःच आरटीओत यायला तयार होतात.

टोकन थोडंच द्या आणि तेही बँकेतून. करारनाम्यात लिहून घ्या की एनओसी मिळाल्यावर बाकी रक्कम, आणि एनओसी नाही मिळाली तर टोकन परत. मालकाची सही फॉर्म 28 (एनओसीचा), 29, 30 वर घ्या, एक-दोन प्रती जास्तीच्या. त्याच्या आधार-पॅनची सही केलेली झेरॉक्स, फोटो, इन्व्हॉईस, टॅक्सची पावती, विमा, पीयूसी, दोन्ही किल्ल्या एका पिशवीत. आरसीवर बोजा असला तर बँकेचं पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35, आणि बोजा उतरल्यावरच पुढचं.

एनओसी

फॉर्म 28 भरून मालकाच्या आरटीओतून एनओसी निघते. तिच्यावर कुठल्या आरटीओसाठी दिली ते लिहिलेलं असतं. हे अर्ज भरतानाच बघा, नंतर नाही. माझा चुलतभाऊ मुखेडचा, म्हणजे नांदेडचं आरटीओ, एमएच 26. तिकडच्या डीलरच्या पोरानं अर्जात लातूर टाकलं, कारण आदल्या दिवशी त्यानं लातूरच्या गिऱ्हाइकाची एनओसी केलेली. आम्ही कागद घडी करून खिशात घातला आणि थेट नांदेडच्या खिडकीवर उघडला. ती दुरुस्त करायला परत हैदराबाद, परत मालकाच्या सह्या, वीस-बावीस दिवस गेले आणि गाडी दारात ताडपत्रीखाली उभी. म्हणून एनओसी हातात आली की तिथंच उभं राहून नंबर, चेसिस, इंजिन, नाव आणि आपल्या आरटीओचं नाव वाचा, मग पैसे सोडा.

गाडी घेऊन येताना

डिलिव्हरी नोटवर तारखेसोबत वेळ पण लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या. सकाळचा दंड त्याचा, दुपारनंतरचा आपला, उद्या भांडण नको. विमा चालू नसंल तर गाडी हलवायचीच नाही, आधी विमा काढा. आरसी, एनओसी, विमा, पीयूसी, करारनामा हाताशी ठेवा, नाक्यावर विचारलं तर शांतपणे दाखवा.

आपल्या आरटीओत

लोक म्हणतात बाहेरच्या नंबरवर बारा महिने चालतंय. कायद्यातले 12 महिने आहेत ते नवीन नंबर घ्यायचे. घेतलेली गाडी नावावर करायला घेणाऱ्याला मुदत 30 दिवसाचीच आहे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. तुम्ही दोन्ही कामं एकदमच करा. परिवहनच्या साईटवर अर्ज, सोबत नवीन नंबरसाठी फॉर्म 27, नाव बदलायला 29 आणि 30, एनओसी, मूळ आरसी, विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा, चेसिसचा ठसा. गाडी चोरीच्या यादीत नाही याचा एनसीआरबीचा (केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाचा) रिपोर्ट पण मागतात, तो ऑनलाईन निघतो, आधीच काढून ठेवा. जुन्या तेलंगणा गाडीची माहिती सिस्टिमवर नसंल तर ती चढवण्यातच दिवस जातात, तेव्हा दर दोन-चार दिवसाला जाऊन विचारत राहा. मग इन्स्पेक्टर गाडी बघतात, टॅक्सचा आकडा येतो, तो भरला की नंबर पडतो.

एजंट लावायचा का? शेती-नोकरी सोडून चकरा जमत नसतील तर लावा, पण सरकारी फी किती आणि तुझे किती हे वेगवेगळं कागदावर लिहून घ्या, आणि टॅक्स स्वतःच्या खात्यातून ऑनलाईन भरा.

नंबर पडल्यावर

नवीन नंबरची हाय सिक्युरिटी प्लेट लावा. विमा आपल्या नावावर करायला खरेदीपासून 14 दिवस असतात, ते आधीच करायचं, आणि एमएच नंबर आला की पॉलिसीत नंबर बदलून घ्यायचा. नाव तुमचं नाही आणि गाडी ठोकली तर आपल्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याची हप्त्यातली सूट) जुन्या मालकाचा असतो, तो तुम्हाला मिळत नाही, त्यामुळं हप्ता थोडा वाढंल. जुना फास्टॅग मालकाला बंद करायला लावा, नाहीतर टोल त्याच्या खात्यातून कटतोय आणि तो तुम्हाला रोज फोन करतोय असं होतं.

राहिला तिकडचा लाईफ टॅक्स. इकडं टॅक्स भरल्यावर नवीन आरसी आणि पावती जोडून उरलेल्या वर्षांचा परतावा जुन्या आरटीओकडं मागता येतो. त्याच्यासाठी पहिल्या मालकाच्या सह्या आणि त्यानं टॅक्स भरलेली मूळ पावती लागू शकते, तेव्हा खरेदीच्या दिवशीच संमतीपत्रावर त्याची सही घेऊन ठेवा. हे पैसे हळूहळू येतात, म्हणून सुरुवातीच्या हिशोबात धरायचे नाहीत, आले की पुढच्या वर्षीच्या विम्याला कामाला येतात.