पूरग्रस्तांसाठी व्हॉट्सॅप ग्रुप चालवताना

नदीचं पाणी चढायला लागलं की काही तासांतच ग्रुप तयार होतात: पुण्या-मुंबईतले गाववाले, शाळेचे माजी विद्यार्थी, परदेशातली मुलं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडला असेच ग्रुप रातोरात उभे राहिले. अडचण इथे होते की माणूस सुखरूप निघाल्यावरही त्याचा मेसेज दोन दिवस फिरत राहतो. बोट पुन्हा त्याच घराकडे जाते आणि मागच्या गल्लीतली म्हातारी माळ्यावर तशीच बसून राहते. मेसेज पसरवणारे हात भरपूर असतात. ग्रुपचं खरं काम प्रत्येक विनंती तपासून घेणं आणि पूर्ण झाली की ती मिटवणं.

त्यासाठी आधी चार जणांत कामं वाटून घ्या. एकाने अडकलेल्यांशी बोलायचं, दुसऱ्याने यादी लिहायची, तिसऱ्याने नियंत्रण कक्षाशी संपर्क ठेवायचा, चौथ्याने सामान आणि पैसा पाहायचा. सहा-सहा तासांच्या पाळ्या लावा. रात्रभर जागलेला माणूस गावाचं नाव चुकवतो. मोठ्या ग्रुपवर 'फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात' ही सेटिंग ठेवा आणि या चौघांचा ग्रुप वेगळा काढा. जीवाला धोका असेल तर पहिला फोन ११२ ला किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाच्या १०७७ ला; १०७७ जिल्ह्याबाहेरून लावताना आधी तिथला एसटीडी कोड लावा. ग्रुपवर लिहायचं ते त्यानंतर.

विनंती कशी लिहावी, त्याचा हा नमुना: '२२ जुलै, सकाळी ११.२०. तालुका, गाव, वाडी. मारुती मंदिरामागची पिवळी दुमजली इमारत. वरच्या मजल्यावर ५ जण, त्यात चालता न येणाऱ्या ८० वर्षांच्या आजी आणि एक डायलिसिसचे रुग्ण. पाणी जिन्याच्या सहाव्या पायरीपर्यंत. शेवटचं बोलणं १०.५० ला.' 'आज', 'आत्ता', 'तातडीने' हे शब्द टाळा, कारण तारीख नसलेला मेसेज पुढच्या पावसाळ्यातही फिरतो. दुहेरी बाणाचं 'अनेकदा फॉरवर्ड केलेले' हे लेबल दिसलं, तर मूळ माणसाशी बोलणं होईपर्यंत तो पुढे पाठवू नका. सुटका झाली की त्याच मेसेजला उत्तर देऊन 'पूर्ण, दुपारी २.१५' असं लिहा आणि जिथे जिथे तो गेला आहे तिथे कळवा.

अडकलेल्या माणसाचा नंबर मोठ्या ग्रुपवर टाकू नये. चाळीस जणांनी 'कसे आहात' विचारायला फोन केला की बॅटरी संपते आणि बोटवाल्याचा फोन लागत नाही. फोन एकानेच करायचा, तोही ठरलेल्या वेळी. मधल्या वेळात एसएमएस, कारण इंटरनेट बंद असलं तरी तो बरेचदा पोचतो. लाइव्ह लोकेशनने बॅटरी लवकर उतरते, म्हणून ते न मागता त्या क्षणाचं ('करंट') लोकेशन एकदाच मागवून घ्या.

बोलताना आपल्या धीराच्या वाक्यांपेक्षा त्यांचं ऐकणं जास्त उपयोगी पडतं. 'जीव तरी वाचला ना', 'वेळेवर निघायला हवं होतं', 'सगळं ठीक होईल' ही तिन्ही वाक्यं मनातही आणू नका. पहिलं वाक्य माणसाला आपलं नुकसान मोजायचीसुद्धा चोरी करतं, दुसरं त्यालाच दोषी ठरवतं, तिसरं आपल्या हातातलं नाही. 'काका, आत्ता सगळ्यात आधी काय पाहिजे?' एवढं विचारा. काय घडलं ते खोदून विचारू नका. त्यांनी आपणहून सांगितलं तर मधे न बोलता ऐका. जे करणार असाल तेवढंच सांगा: 'मी चार वाजता परत फोन करते.' आणि चारला करा, सांगण्यासारखं काही नसलं तरी. झोप उडाली असेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलणं येत असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर द्या. जीव देण्याची भाषा असेल तर फोन चालू ठेवून दुसऱ्या कुणाला तरी लगेच त्यांच्याजवळ पाठवा.

दरडीत किंवा पुरात कुणी गेल्याची बातमी ग्रुपवर आधी येऊ नये. तळिये, इर्शाळवाडीसारख्या ठिकाणी अख्खी कुटुंबं गाडली गेली. अशा वेळी बाहेरगावी असलेल्या लेकीला आईचं नाव फॉरवर्ड झालेल्या यादीत दिसणं फार वाईट. प्रशासनाने घरच्यांना कळवेपर्यंत नाव नाही, फोटो तर कधीच नाही. एकटं सापडलेलं मूल दिसलं की त्याचा चेहरा व्हायरल करण्याची घाई होते, पण तो फोटो पाहून कुणीही 'मी मामा' म्हणून येऊ शकतो. १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला किंवा पोलिसांना कळवा. देणगीदारांना हिशेब हवा असतो, तो रास्तच आहे. त्यांना गोदामातल्या पेट्यांचा आणि पावत्यांचा फोटो पाठवा. पोतं स्वीकारताना कॅमेऱ्याकडे बघायला लावलेली बाई उद्या त्याच गावात राहणार आहे.

सामानाचं आवाहन यादी आल्याशिवाय करू नका. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून होते. पहिले दोन-तीन दिवस चूल आणि गॅस दोन्ही भिजलेले असतात, तेव्हा तांदळाची पोती निरुपयोगी; पिण्याचं पाणी, चपाती-चटणी, चिवडा, बिस्किटं पाठवा. घरी परतल्यावर पाच जणांच्या कुटुंबाला आठवडाभरासाठी साधारण १० किलो तांदूळ-पीठ, २ किलो डाळ, लिटरभर तेल, मीठ, तिखट, हळद, साखर, चहा आणि काडेपेटी लागते. सोबत नवी अंतर्वस्त्रं, गाऊन, टॉवेल, सॅनिटरी पॅड. हे कुणी मागत नाही, कारण चारचौघांत मागायला लाज वाटते. म्हणून बाईशी बाईनेच बोलावं. चिखल काढायला फावडी, खराटे, गमबूट, रबरी हातमोजे हवेत. बाळांसाठी दूध पावडर सरसकट वाटू नका. पाणी गढूळ आणि बाटली न उकळलेली असली की बाळाला जुलाब होतात. अंगावर पाजणाऱ्या आईला जेवण, पाणी आणि आडोसा द्या, आणि ज्या बाळाला पावडर खरंच लागते त्याची सोय आरोग्य केंद्रातून करा. लेप्टोच्या, म्हणजे पुराच्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापाच्या, गोळ्याही तिथूनच.

ट्रक डांबरी रस्त्याला लागून असलेल्या गावात थांबतात. आतल्या वस्त्या, पालावरची कुटुंबं, वीटभट्टीवरचे परप्रांतीय मजूर आपल्या ग्रुपमध्ये नसतात, म्हणून यादीतही येत नाहीत. आशा ताईंना आणि पोलीस पाटलांना रोज एकदा विचारा: 'अजून कुणापर्यंत काही पोचलं नाही?' जनावरांचा चारा विसरू नका. गोठा सोडायला लागेल म्हणून माणसं घर सोडत नाहीत.

पैशाचं आवाहन करताना क्यूआर कोड ज्याच्या नावावर उघडतो ते नाव मेसेजमध्ये लिहा आणि जमा-खर्च रोज संध्याकाळी टाका. पूरग्रस्तांना हेही सांगा की पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही.

पाणी ओसरलं की घर धुण्याआधी फोटो काढायला सांगा: भिंतीवरची पाण्याची रेघ, भिजलेलं सामान, मेलेली जनावरं. पंचनाम्याला तलाठी येतील तेव्हा हे कामी येतं. आधार आणि बँक पासबुकाचे फोटो मात्र ग्रुपवर मागू नका. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका भिजल्या असतील तर डिजिलॉकरमध्ये शोधायला मदत करा.

पंधरवड्यात ग्रुप शांत होतो, गरजा मात्र गाद्या, वह्या-पुस्तकं, मोटारदुरुस्ती अशा वेगळ्या होऊन उरतात. चौघांपैकी दोघांनी तीन महिने यादी चालू ठेवावी. बंद करताना शिल्लक पैसे कुठे गेले ते कळवा, आणि ज्या शीटमध्ये लोकांचे नंबर, आजार, पत्ते आहेत ती सगळ्यांच्या फोनवरून काढून टाका.