सोंगट्या मोजू नका, डबा काट्यावर ठेवा

रंकाळ्याजवळच्या आमच्या होमस्टेत पाहुण्यांसाठी कॅरम, लुडो, पत्ते आणि थोडी पुस्तकं ठेवलीयत, पण दर चेकआऊटला सोंगट्या मोजत बसलं की तोवर पुढचे पाहुणे अंबाबाईचं दर्शन करून दारात हजर.

१. एकदाच नीट मोजून घ्या, ९ काळ्या, ९ पांढऱ्या, १ राणी आणि स्ट्रायकर.
२. सगळं प्लास्टिकच्या डब्यात भरा, पावडर मात्र वेगळी ठेवा कारण ती संपत जाते. डबा किचनमधल्या डिजिटल काट्यावर ठेवून वजन झाकणाच्या आत मार्करनं लिहा.
३. पाहुणे निघायच्या तयारीत असले की परत काट्यावर. एक सोंगटी साधारण ५ ग्रॅमची, एक जरी कमी असली तरी आकड्यात लगेच कळतं, मग सोफ्याची फट नाहीतर पलंगाखाली बघायचं, पोरं तिथंच टाकतात.

पुस्तकांच्या पाठीवर १, २, ३ असे नंबर चिकटवलेत, मधला गायब झाला की लांबूनच दिसतो.

पत्ते मात्र मोजूनच घ्या, ५२. एक पान जेमतेम २ ग्रॅमचं असतं, आणि आपल्याकडच्या पावसात पुठ्ठा-कागद ओल धरतो त्यामुळं वजन फसवं येतं.