गाठ हाताला लागल्यापासून उपचार ठरेपर्यंत: तपासण्यांचा क्रम आणि रिपोर्टचे वाचन

स्तनात गाठ हाताला लागली की बहुधा दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर “दुखत नाही ना, मग राहू दे” असे म्हणत महिने जातात, किंवा भीतीपोटी ती लगेच कापून काढण्याची घाई केली जाते. नुकसान दोन्हींत आहे, आणि दुसऱ्या चुकीबद्दल फारच कमी बोलले जाते.

बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. तरुण वयात फायब्रोअॅडिनोमा (घट्ट पण निरुपद्रवी गाठ) आणि चाळिशीच्या आसपास द्रवाने भरलेल्या गाठी सर्रास आढळतात. तरीही आपली गाठ कोणती, हे नुसते चाचपून ठरवता येत नाही. ती दुखत नाही, यात तर कसलाच दिलासा नाही, कारण कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. गाठीखेरीज त्वचेला पडलेली खळी, संत्र्याच्या सालीसारखी दिसणारी जाड त्वचा, नव्यानेच आत ओढले गेलेले स्तनाग्र, त्यातून येणारा रक्तमिश्रित स्राव, स्तनाग्रावरील न भरणारी खपली आणि काखेतील गाठ, यांपैकी काहीही दिसले तरी तपासणी करून घ्यावी. हे पुरुषांनाही लागू आहे, कारण स्तनाच्या कर्करोगाच्या साधारण १ टक्का रुग्ण पुरुष असतात.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी गाठ केव्हा लक्षात आली, पाळीनुसार तिचा आकार बदलतो का आणि कोणती औषधे, विशेषतः हार्मोनच्या गोळ्या, चालू आहेत, हे लिहून न्यावे. कुटुंबात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग कोणाला आणि कितव्या वर्षी झाला, हेही लिहावे. हा इतिहास सांगताना वडिलांकडची बाजू हमखास विसरली जाते, पण बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांतील दोष वडिलांकडूनही तितकाच येऊ शकतो.

तपासणीचे टप्पे तीन आहेत: डॉक्टरांनी हाताने तपासणे, प्रतिमा काढणे आणि सुईने तुकडा घेणे, म्हणजेच बायोप्सी. तिशीच्या आतील स्त्रीत प्रथम सोनोग्राफी केली जाते, कारण त्या वयात स्तनातील ऊतक दाट असते, आणि मॅमोग्राफीत दाट ऊतकही पांढरे दिसते व गाठही पांढरीच. त्यापुढील वयात बहुधा मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी दोन्ही लागतात. मॅमोग्राफीच्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओडरंट लावू नये, कारण त्यांचे कण चित्रात कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसू शकतात, आणि असे ठिपके कधीकधी कर्करोगाची खूण असतात. स्तन काही सेकंद दाबला जातो आणि ते नकोसे वाटते. ज्या नियमित तपासणीसाठी जात आहेत त्यांनी पाळी संपल्यानंतरचा आठवडा निवडला तर त्रास कमी होतो. जुनी चित्रे असतील तर ती आवर्जून न्यावीत, कारण नवे काय आणि जुने काय, हे तुलनेवरूनच कळते.

काहीच तक्रार नसताना करायची नियमित मॅमोग्राफी हा वेगळा विषय आहे आणि तिच्या वयाबाबत देशोदेशींचे नियम सारखे नाहीत. अमेरिकेतील प्रतिबंधक सेवा कृतिदलाची २०२४ पासूनची शिफारस ४० ते ७४ या वयात दर दोन वर्षांनी अशी आहे. अन्यत्र अनेक ठिकाणी पन्नाशीपासून सुरुवात होते. मात्र गाठ हाताला लागलेली असेल तर मागच्या वर्षीच्या स्वच्छ मॅमोग्राफीवर विसंबू नये.

रिपोर्टच्या शेवटी बायरॅड्स नावाचा ० ते ६ पैकी एक आकडा असतो. शून्य पाहून हायसे वाटून घेऊ नये. त्याचा अर्थ माहिती अपुरी आहे आणि आणखी चित्रे हवीत असा होतो. १ म्हणजे काही आढळले नाही आणि २ म्हणजे निरुपद्रवी. ३ मध्ये कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांहून अधिक नसते आणि सहसा सहा महिन्यांनी पुन्हा पाहिले जाते. ४ ही श्रेणी फार रुंद आहे, २ पासून ९५ टक्क्यांपर्यंत, म्हणून तिच्यापुढचे ए (कमी शक्यता), बी किंवा सी (जास्त शक्यता) हे अक्षर जरूर पाहावे. ४ आणि ५ या दोन्हींत बायोप्सी सांगितली जाते. ६ म्हणजे कर्करोग आधीच सिद्ध झालेला आहे.

या टप्प्यावर आग्रह धरायचा तो कोअर बायोप्सीचा. जागा बधिर करून जाड सुईने ऊतकाचे बारीक तुकडे घेतात आणि त्याच दिवशी घरी जाता येते. बारीक सुईच्या एफएनएसी तपासणीत केवळ सुट्या पेशी मिळतात, त्यामुळे रोग दुग्धनलिकेतच आहे की बाहेर शिरला आहे, हे त्यावरून सांगता येत नाही. सुई लावली की कर्करोग पसरतो, या समजुतीपायी अनेकजणी बायोप्सी टाळतात. ती समजूत खरी नाही. उलट निदानाआधीच गाठ काढून टाकली आणि ती कर्करोगाची निघाली, तर गाठीभोवतीची निरोगी कड पुरेशी न काढली गेल्याने दुसरी शस्त्रक्रिया करावी लागू शकते आणि आधी औषधे देऊन तिचा प्रतिसाद जोखण्याची संधीही जाते. तपासण्यांना लागणारे काही दिवस वाया जात नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ मधील उपक्रमातही पहिल्या भेटीपासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावे, असे उद्दिष्ट आहे.

बायोप्सीच्या रिपोर्टात तीन नावे शोधावीत: ईआर, पीआर आणि हर-टू. पहिली दोन हार्मोनग्राहकांची, म्हणजे पेशीत हार्मोन पकडणाऱ्या प्रथिनांची आहेत, आणि हर-टू हे पेशींच्या वाढीला चालना देणारे प्रथिन आहे. १ टक्का किंवा अधिक पेशींत ती आढळली तर निकाल पॉझिटिव्ह धरतात आणि टॅमॉक्सिफेनसारखी औषधे निदान पाच वर्षे घेण्याचा विचार होतो. हर-टूचा निकाल ० किंवा १ असेल तर निगेटिव्ह, ३ असेल तर पॉझिटिव्ह. २ असेल तर तो अनिर्णीत असतो आणि फिशसारखी (हर-टू जनुकाच्या प्रती मोजणारी) पुढची चाचणी झाल्याशिवाय उपचार ठरवू देऊ नयेत. याच रिपोर्टातील ग्रेड आणि रोगाची स्टेज यांची गल्लत नेहमी होते. ग्रेड म्हणजे पेशी मूळ पेशींपासून किती बदलल्या आहेत, आणि स्टेज म्हणजे रोग कुठवर पोहोचला आहे. ग्रेड ३ वाचून तिसरी स्टेज समजून घर हादरल्याची उदाहरणे कमी नाहीत.

उपचार ठरवण्याच्या बैठकीला एखाद्या जवळच्या माणसाला सोबत न्यावे आणि बोलणे लिहून घ्यावे. स्तन वाचवता येईल का, हे स्पष्ट विचारावे: केवळ गाठ काढून किरणोपचार दिले तरी आयुर्मान पूर्ण स्तन काढल्याइतकेच राहते, हे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वीस वर्षांच्या पाठपुराव्यांतून दिसले आहे. काखेतील सर्वच लसीका ग्रंथी काढायच्या की फक्त पहिल्या एक-दोन तपासायच्या, हेही विचारावे, कारण जास्त ग्रंथी काढल्या की हाताला कायमची सूज येण्याचा धोका वाढतो. पुढे मूल हवे असेल तर बीजांडे गोठवण्याचे बोलणे केमोच्या पहिल्या डोसआधीच व्हायला हवे. आणि शस्त्रक्रियेआधी केमो द्यायचे ठरले, तर गाठीत धातूची छोटी क्लिप ठेवली आहे ना, याची खात्री करून घ्यावी. कारण औषध चांगले लागू पडले तर गाठ विरघळून जाते, आणि मग नेमकी कोणती जागा काढायची हे त्या क्लिपवरूनच सर्जनला कळते.